खुलासा : रुआपेकापेका 'रविवारच्या प्रार्थनेमुळे' पडलं का?

न्यूझीलंडच्या उत्तरेकडच्या रुआपेकापेका या मातीच्या तटबंदीबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. ११ जानेवारी १८४६ला रविवार होता, माओरी (न्यूझीलंडचे मूळ रहिवासी) योद्धे प्रार्थनेला बाहेर गेले आणि इंग्रजांनी रिकामी गढी सहज घेतली, अशी ती गोष्ट. ऐकायला छान, पण अर्धवट.

तो दिवस रविवारच होता आणि गढी जवळपास रिकामी होती, इतकं खरं. काही जण प्रार्थनेत असतीलही. पण माओरी सरदार ते रुकी कावीती आणि मोजकी माणसं आतच होती, आणि बाकीचे मागच्या जंगलात. इंग्रज त्यांच्यामागे गेले तेव्हा झाडाझुडपांच्या आडून गोळीबार झाला. इंग्रजांचे जास्त सैनिक इथेच पडले. म्हणूनच अनेक इतिहासकारांना ही हेतुपुरस्सर माघार वाटते. मलाही तसंच वाटतं, कारण माओरींच्या लेखी अशी गढी म्हणजे काही राजधानी नव्हे! शत्रूला दमवायचं, दारूगोळा खर्चायला लावायचा आणि वेळ आली की सोडून द्यायची.

बांधणी पाहिली की हा हिशोब पटतो. बाहेर लाकडी कुंपणं, आत खंदक, आणि तोफांपासून बचावासाठी जमिनीखालच्या खोल्या. नावाचा अर्थच 'वटवाघळांचं घर'. हे खंदक आणि खड्डे आजही जागेवर दिसतात. संरक्षित स्थळ असल्याने तिथे फिरताही येतं.

त्यानंतर तह झाला. कावीती आणि त्याचा साथी होने हेके यांना माफी मिळाली, त्यांची जमीनही जप्त झाली नाही.