उपग्रहीय मृदा-ओलावा आणि पुराचा अंदाज

जमिनीत आधीच किती पाणी आहे हे उपग्रहाने मोजायचे आणि ती माहिती पुराच्या गणितात घालायची, अशी ही पद्धत. पूर नुसत्या पावसावर ठरत नाही, जमीन किती मुरवून घेते यावरही ठरतो. समजा, १०० चौरस किलोमीटरच्या पाणलोटात ५० मिलिमीटर पाऊस झाला. जमीन कोरडी असेल आणि ३० मिलिमीटर मुरले, तर २० लाख घनमीटर पाणी वाहत नदीकडे निघते. आधीच्या झडीने माती भिजून गेली असेल आणि जेमतेम १० मिलिमीटर मुरले, तर तोच पाऊस ४० लाख घनमीटर पाणी आणतो.

हा फरक जलवैज्ञानिकांना पूर्वीपासून ठाऊक होता. पावसापैकी किती पाणी वाहून जाईल ते काढण्याच्या ‘कर्व्ह नंबर’ पद्धतीत मागच्या पाच दिवसांच्या पावसावरून जमीन कोरडी, मध्यम की ओली हे ठरवत. पण त्या पाच दिवसांत ऊन किती पडले, पिकांनी किती पाणी ओढले, याचा हिशेब त्यात नीट येत नसे.

उपग्रह मातीतून निघणारे किंवा तिच्यावरून परतणारे सूक्ष्मतरंग (मायक्रोवेव्ह) टिपतो. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचे माप) सुमारे ८०, कोरड्या मातीचा तीन ते पाच. त्यामुळे ओल वाढली की तरंगांत ठळक फरक पडतो. ढग आड येत नाहीत, आणि पावसाळी दिवसांत हेच सर्वांत मोलाचे. युरोपचा ‘स्मॉस’ (२००९) आणि नासाचा ‘स्मॅप’ (२०१५) हे सुमारे २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर काम करतात. ‘स्मॅप’चे रडार काही महिन्यांतच बंद पडले, मातीतून निघणारे तरंग टिपणारा रेडिओमीटर मात्र चालू राहिला.

खरी कसोटी पुढे लागते. मोजमाप वरच्या पाचेक सेंटिमीटरचेच, एकेक चौकट सुमारे ४० किलोमीटरची आणि नोंद दोन-तीन दिवसांनी. घनदाट जंगल किंवा गोठलेली जमीन असली की आकडे बिघडतात. म्हणून आकडा जसाच्या तसा घेत नाहीत. वरच्या थराच्या चढउतारांवरून मुळांपर्यंतची ओल काढतात, ती प्रतिमानाच्या, म्हणजे पुराच्या गणिती नमुन्याच्या, मापाशी जुळवून घेतात आणि काल्मन गाळणीसारख्या तंत्राने प्रतिमान व निरीक्षण यांपैकी कोणावर किती भिस्त ठेवायची ते ठरवतात. हे जुळवणे चुकले तर चांगल्या मापनानेही अंदाज बिघडतो.

पर्जन्यमापके विरळ असलेल्या खोऱ्यांत या माहितीचा विशेष उपयोग होतो. इटलीतील जलवैज्ञानिक लुका ब्रोक्का आणि सहकाऱ्यांनी तर हा हिशेब उलटा मांडला: ओल किती वाढली त्यावरून पाऊस किती पडला ते काढायचे. माती पूर्ण भिजली की मात्र ही युक्ती थांबते, कारण त्यानंतर पडणाऱ्या पावसाची खूण मातीत उमटत नाही.