अक्षरं आली, म्हणून गोष्ट बंद?

पहिलीच्या दिवाळीनंतर बऱ्याच घरांत एक बदल होतो. तोवर रात्री आई, बाबा किंवा आजी पुस्तक घेऊन मुलाजवळ बसलेली असते. मग बाराखडी येते, दुकानांच्या पाट्या वाचता यायला लागतात आणि घरात फर्मान निघतं, ‘‘आता तुझं तू वाच.’’ मूल पुस्तक उघडतं, दोन ओळी वाचतं आणि ठेवून देतं. वर्षभरात तक्रार सुरू होते की आधी केवढी आवड होती, आता पुस्तकाला हात लावत नाही. दोष बहुतेक वेळा मोबाइलच्या माथी जातो. मोबाइलचा वाटा आहेच, पण मोबाइल हातात येण्याआधी गोष्ट बंद झालेली असते, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

या वयाच्या मुलाचं वाचन जरा कान देऊन ऐका. ओळ आहे, ‘माकड किल्ल्यावर चढलं.’ मूल वाचतं, ‘‘मा... क... ड, माकड. क ला पहिली वेलांटी कि... ल... ल्या... किल्ल्या... व... र.’’ इथवर येईतो माकड डोक्यातून गेलेलं असतं. ‘‘कोण चढलं रे?’’ असं विचारलं की ते बोट घेऊन ओळीच्या सुरुवातीला परत जातं. यात त्याच्या हुशारीचा काही संबंध नाही. एखादं काम करताना आपण थोडी माहिती तात्पुरती डोक्यात धरून ठेवतो. ती जागा फार लहान असते आणि या मुलाची सगळी जागा अक्षरं सोडवण्यातच संपते. अर्थाला जागाच उरत नाही, मग मजा कुठून येणार?

बोलणं आणि वाचणं यांत मूळचाच फरक आहे. चारचौघांत वाढणारं मूल बोलायला आपोआप शिकतं. लेखन मात्र जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वीचं. त्यासाठी मेंदूत वेगळी जागा तयार व्हावी इतका वेळ उत्क्रांतीला मिळालेलाच नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ स्तानिस्लास दुहान आणि सहकाऱ्यांनी पोर्तुगाल आणि ब्राझीलमधल्या प्रौढांच्या मेंदूंची तुलना केली. त्यांत निरक्षर होते, मोठेपणी वाचायला शिकलेले होते आणि लहानपणापासून वाचणारेही होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असं दिसलं, की डोक्याच्या डाव्या बाजूला, मागे आणि खाली असलेला दृष्टीचा एक भाग वाचायला शिकल्यावर अक्षरांसाठी राबायला लागतो. म्हणजे वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या यंत्रणेतलाच एक कोपरा आपण अक्षरांसाठी बळकावतो. हे बळकावणं सरावाने होतं आणि सरावाला वर्षं लागतात.

मराठीत जसं बोलतो तसंच लिहितो, त्यामुळे वाचायला सोपं, असं आपण अभिमानाने सांगतो. ते अर्धंच खरं आहे. तीसहून जास्त व्यंजनं आणि प्रत्येकाची बाराखडी धरली तर चिन्हं चारशेच्या घरात जातात, जोडाक्षरं निराळीच. एकटा ‘र’ घ्या. ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर बसतो, ‘प्रकाश’मध्ये पायाशी तिरपा होतो, ‘राष्ट्र’मध्ये आणखी वेगळा दिसतो आणि ‘दुसऱ्या’मध्ये त्याचं चौथंच रूप. चमच्यातला च आणि चिमणीतला च दिसायला एकच, म्हणायला वेगळे. त्यात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढायची आणि नंतर उच्चारायची! देवनागरीतून हिंदी वाचणाऱ्यांवरच्या अभ्यासात या उलट्या क्रमामुळे वाचनाचा वेग कमी होतो असं आढळलं आहे. कन्नडची लिपीही अशीच, बाराखडी-जोडाक्षरांची. सोनाली नाग यांनी कन्नड शाळांमधल्या मुलांवर काम केलं, तेव्हा सगळी अक्षरं पक्की व्हायला तिसरी-चौथी उजाडते असं दिसलं. आपण मात्र पहिली संपली की मूल ‘वाचायला लागलं’ असं जाहीर करून मोकळे होतो.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली एक साधं सूत्र मांडलं. अक्षरं सोडवण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता, बरोबर समजून वाचणं. हा गुणाकार आहे. एक बाजू शून्य असली तर दुसरी कितीही मोठी असून उत्तर शून्यच. शाळा आणि पालक पहिल्या बाजूच्या मागे हात धुऊन लागतात, दुसरीला वाऱ्यावर सोडतात. त्यातून सहा-सात वर्षांच्या मुलाचे कान डोळ्यांच्या किती तरी पुढे असतात. जे ते स्वतः वाचू शकतं ते ‘कमल बघ’ छापाचं, आणि ऐकून समजतं ते राक्षस, कारस्थानं, विनोद, युद्धं. अमेरिकी मुलांवरच्या अभ्यासांत हे अंतर भरून यायला साधारण सातवी-आठवी उजाडते. अंतर सर्वांत मोठं असतानाच आपण वाचून दाखवणं थांबवतो आणि मुलाच्या वाट्याला फक्त ‘कमल बघ’ ठेवतो.

वाचून दाखवल्याने अक्षरओळख होते, हा मात्र गैरसमज. कॅनडात मेरी अ‍ॅन इव्हान्स आणि जाँ सेंतोबँ यांनी पुस्तक ऐकताना मुलांच्या नजरेचा माग घेतला. लहान मुलं जवळजवळ सगळा वेळ चित्रांकडे बघत होती, मजकुराकडे अगदी क्वचित. मिळतं ते वेगळंच. इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी शंभर चित्रपुस्तकांमधली भाषा आणि पालक मुलांशी रोज बोलतात ती भाषा ताडून पाहिली. तेवढ्याच मजकुरात पुस्तकांमध्ये वेगवेगळे शब्द बरेच जास्त निघाले. हे पटायला प्रयोगशाळा लागत नाही. ‘जेव’, ‘ऊठ’, ‘चप्पल घाल’ एवढ्यावर घर चालतं. ‘घनदाट’, ‘लबाड’, ‘धूम ठोकली’, ‘हिरमुसली’ हे शब्द बहुतेक मुलांना गोष्टीतच भेटतात. पुढे हेच शब्द छापलेले समोर येतात, तेव्हा अर्धवट सोडवलेल्या अक्षरांवरूनही मूल शब्द ओळखतं, कारण तो कानाने आधीच ऐकलेला असतो.

कसं वाचून दाखवायचं, यालाही महत्त्व आहे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर दोन-अडीच वर्षांच्या मुलांसोबत महिनाभराचा प्रयोग केला. दोन्ही गटांतले पालक वाचून दाखवतच होते. एका गटाला फक्त इतकंच शिकवलं, की मध्ये थांबा, ‘हो-नाही’त न संपणारे उघडे प्रश्न विचारा आणि मूल जे म्हणेल त्यात भर घाला. महिन्याअखेर त्या गटातली मुलं बोलण्यात दुसऱ्या गटाच्या काही महिने पुढे होती. आपल्याकडे ते असं दिसेल. ‘‘हा कोण गं?’’ ‘‘भू-भू.’’ ‘‘हो, काळा भू-भू. काय करतोय?’’ ‘‘पळतो.’’ ‘‘मांजरीच्या मागे पळतोय! सापडेल का त्याला?’’ बस्स. यात परीक्षा नाही. गोष्ट संपल्यावर ‘‘सांग बरं, तात्पर्य काय?’’ असं विचारणाऱ्यांनी मराठी मुलांचं फार नुकसान केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेच पुस्तक पुन्हापुन्हा मागणाऱ्या मुलावर वैतागू नये. ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट यांना असं आढळलं, की तीच गोष्ट अनेकदा ऐकणारी तीन वर्षांची मुलं नवे शब्द जास्त शिकतात; निरनिराळ्या गोष्टींमधून तेच शब्द तितक्याच वेळा ऐकणारी मुलं मागे पडतात. पहिल्यांदा सगळं लक्ष पुढे काय होतं यावर असतं. ते कळल्यावर शब्दांकडे बघायला सवड मिळते.

आणि बक्षिसं? ‘सुट्टीत वीस पुस्तकं वाचलीस तर सायकल’ हा सौदा जपून करावा. १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालशाळेत मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांपैकी काहींना आधी सांगून बक्षीस दिलं. एक-दोन आठवड्यांनी बक्षिसाशिवाय तेच रंगपेन ठेवले, तेव्हा या मुलांनी इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढली. प्रयोग चित्रांचा होता, वाचनाचा नव्हे. तरी वाचनाच्या स्पर्धा भरवणाऱ्या शाळांनी तो भिंतीवर लावावा असा आहे.

हे सगळं शिकलेल्या, पुस्तकं परवडणाऱ्या घरांचं झालं. आताच्या पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी भागात आणि कर्नाटकात यादगीरला शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांचं वाचन तीन वर्षं पाहिलं. शिकवण्याचा सगळा भर अक्षरांवर, अर्थाची पाळी फार उशिरा, आणि बरीच मुलं शेवटीही समजून वाचू शकत नव्हती. पालघरकडे तर घरात वारली, कातकरी बोलली जाते आणि पुस्तकातली मराठी परक्या गावची वाटते. अशा मुलांना कानांचा सराव सर्वांत जास्त हवा आणि तोच सर्वांत कमी मिळतो.

त्यासाठी घरात वाचणारं माणूस असायलाच हवं असंही नाही. अंगणवाडीत चित्रवाचन करतात, तसं निरक्षर आजीलाही चित्रांवरून आपल्या बोलीत गोष्ट रंगवता येते. माणूस मात्र जिवंत लागतो. पॅट्रिशिया कूल यांच्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांनी पुस्तकं आणि खेळण्यांसह समोर बसलेल्या बाईकडून चिनी भाषेतले ध्वनी उचलले. तेच व्हिडिओवर दाखवलेल्या बाळांना काहीच आलं नाही. पुस्तकं विकत घेणं जमत नसेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत आणि १९७१ साली सुरू झालेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन ठेवले आहेत. फोन मोठ्यांच्या हातात असू द्या आणि पान पालटायचं काम मुलाकडे द्या. मूल दुसरीत असलं तरी चौथी-पाचवीची गोष्ट वाचून दाखवायला हरकत नाही. मधली एखादी सोपी ओळ त्याला वाचू द्या, अडखळलं तर शब्द सांगून टाका आणि पुढे चला.