आरजीबी–सीएमवायके रंगरूपांतर

पडद्यासाठी तयार केलेल्या चित्राचे रंग छपाईच्या चार शायांमध्ये बसवण्याची प्रक्रिया. पडदा लाल, हिरवा आणि निळा (आरजीबी) प्रकाश एकत्र करून रंग घडवतो. तिन्ही पूर्ण क्षमतेने पेटले की पांढरा दिसतो. कागदावर याच्या उलट घडते. सायन (हिरवट निळी), मॅजेंटा (जांभळट गुलाबी) आणि पिवळी शाई पांढऱ्या प्रकाशाचा आपापला भाग शोषून घेते आणि उरलेला प्रकाश डोळ्यांपर्यंत पोचतो.

त्यामुळे पूर्ण प्रकाशातून लाल वजा केला की सायनचे प्रमाण मिळेल, असे वाटते. पण खऱ्या शाया तेवढ्या शुद्ध नसतात. सायन शाई लाल प्रकाशाबरोबर थोडा हिरवाही शोषते. म्हणून तिन्ही शाया सारख्या प्रमाणात छापल्या तर राखाडीऐवजी तपकिरी झाक येते. चौथी, काळी शाई ही उणीव भरून काढते; या चार शाया म्हणजे सीएमवायके.

म्हणूनच रूपांतर सूत्राने नव्हे, प्रोफाइलने करतात. 1993 साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कलर कन्सॉर्टियमने प्रोफाइलचे सामाईक स्वरूप ठरवले. अमुक यंत्र, शाई आणि कागद असताना कोणत्या आकड्यांतून कोणता रंग उमटतो, याची मोजून केलेली नोंद म्हणजे प्रोफाइल. आरजीबीचे आकडे आधी ‘लॅब’ (Lab) नावाच्या मापनासारख्या, कोणत्याही यंत्रावर अवलंबून नसलेल्या रंगमापनात जातात, तेथून सीएमवायकेत उतरतात. एकाच लाल रंगासाठी चकचकीत कागदाला आणि वर्तमानपत्री कागदाला वेगवेगळे आकडे लागतात. साहजिकच, प्रोफाइल न सांगता नुसती ‘सीएमवायके फाइल’ मागणे अपुरे आहे.

पडद्यावरचा झळझळीत हिरवा किंवा गर्द निळा या चार शायांत मुळात नसतोच. निळा तर हमखास जांभळ्याकडे झुकतो. अशा वेळी ‘पर्सेप्च्युअल’ पद्धत सगळेच रंग थोडे आक्रसून त्यांचे परस्परनाते जपते. ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ आवाक्यातले रंग तसेच ठेवते आणि बाहेरचे तेवढे कडेला आणते. आक्रसलेले रंग पुन्हा आरजीबीत नेऊन परत येत नाहीत. मूळ फाइल राखून ठेवावी ती यासाठीच.

सर्वाधिक घोळ काळ्या मजकुरात होतो. आरजीबीचा 0, 0, 0 हा काळा एका प्रचलित अमेरिकी प्रोफाइलमधून सायन 75, मॅजेंटा 68, पिवळा 67, काळा 90 असा चारही शायांत विभागला जातो. एकूण शाई 300 टक्के होते. वर्तमानपत्री कागद साधारण 240 टक्क्यांपलीकडे शाई पेलत नाही. शिवाय प्रत्येक शाईची छपाईची प्लेट वेगळी असते; ती केसभर सरकली तरी बारीक अक्षरांना रंगीत कडा दिसतात. त्यामुळे मजकूर फक्त काळ्या शाईत, 100 टक्के ठेवतात आणि रूपांतरानंतर तो तसाच राहिला आहे ना, हे प्रत्येक प्लेट वेगळी पाहून तपासतात.