आधी वास, मग हात

नव्याने घरी आणलेला हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी, हात जवळ येताच पळून लपतो किंवा चावा घेतो, तेव्हा तो रागीट असल्याचा समज सहज होतो. प्रत्यक्षात तो घाबरलेला असतो. निसर्गात घुबड, साप, कोल्हा अशा अनेक शिकाऱ्यांचे तो भक्ष्य आहे आणि पिंजऱ्याच्या वरच्या दारातून उतरणारा माणसाचा हात त्याला झेप घेणाऱ्या पक्ष्यासारखाच भासतो. शिवाय, माणसाच्या सहवासाचा त्याचा इतिहासही फार छोटा आहे. इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने १९३० साली सीरियातील अलेप्पोजवळच्या एका बिळातून मादी आणि तिची पिल्ले मिळवली; आजचे पाळीव सोनेरी हॅमस्टर प्रामुख्याने त्याच कुटुंबाचे वंशज आहेत. हजारो वर्षे माणसाळलेल्या कुत्र्याशी त्यांची तुलना करणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

हॅमस्टरची दृष्टी अधू असते. त्याला जवळचेही अस्पष्ट दिसते आणि उंचीचा अंदाज येत नाही. त्याचे जग प्रामुख्याने वासाचे असते. सोनेरी हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर गंधग्रंथी असतात आणि त्यांच्या स्रावाने तो आपल्या जागेवर खूण करतो. नव्या पिंजऱ्यात त्याचा स्वतःचा वासच नसतो, त्यामुळे पहिले काही दिवस त्याला हात न लावता अन्नपाणी देऊन शांत राहू द्यावे. साफसफाईच्या वेळी सगळे अंथरूण एकदम बदलल्यास त्याने केलेल्या खुणा पुसल्या जातात. म्हणून जुन्या, कोरड्या अंथरुणाचा काही भाग परत ठेवावा. बीळ करता येईल इतका खोल थर आणि लपायला घर असणेही आवश्यक आहे, कारण पळून जाण्याची सोय असलेला प्राणीच पुढे येण्याचे धाडस करतो.

यानंतर आपल्या वासाची ओळख करून द्यावी. अत्तर न लावलेला साधा टिश्यू पेपर काही वेळ हातात धरून घरट्याजवळ ठेवला, तर बहुतेक हॅमस्टर तो घरट्यासाठी ओढून नेतात. पुढे, संध्याकाळनंतर तो आपणहून जागा झाल्यावर, हात स्वच्छ धुऊन पिंजऱ्याच्या तळाशी स्थिर ठेवावा आणि तळव्यावर सूर्यफुलाची एखादी बी ठेवावी. हातांना खाण्याचा वास असेल तर बोट म्हणजे खाऊच, असा त्याचा गैरसमज होतो, आणि तसा चावा घेतल्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. बी उचलून तो पळाला तरी चालते. हाताजवळ जाऊनही काही वाईट घडले नाही, हा अनुभव महत्त्वाचा असतो. झोपलेल्या हॅमस्टरला उठवणे मात्र कटाक्षाने टाळावे.

तो तळव्यावर निर्धास्तपणे चढू लागला की दोन्ही हातांची ओंजळ करून त्याला खालून उचलावे. तेही जमिनीवर बसून, कारण पडल्यास त्याला गंभीर इजा होऊ शकते. कान मागे दाबणे, जागीच थिजणे किंवा दात कटकटवणे दिसल्यास त्या दिवशी तेवढ्यावरच थांबावे. आळस देणे, निवांतपणे अंग चाटणे ही तो निश्चिंत असल्याची चिन्हे आहेत. किती दिवस लागतील, हे प्रत्येक हॅमस्टरच्या स्वभावावर अवलंबून असते. सोनेरी हॅमस्टर एकलकोंडा असून स्वजातीयांचा सहवासही त्याला सहन होत नाही. त्यामुळे काही हॅमस्टर हातावरचा खाऊ आनंदाने घेतात, पण उचलून घेणे त्यांना कधीच आवडत नाही.