पाच सेंटिमीटरचा सैनिक आणि न लोंबणारं पॅराशूट

1:35 स्केलचं मॉडेल म्हणजे सगळं 35 पटींनी लहान करायचं, असं प्रत्येक नवशिका धरून चालतो. मीही तसंच धरलं होतं. मग फ्रान्समधल्या सेंट-मेर-एग्लीज गावचं चर्च करायला घेतलं आणि पॅराशूटपाशी येऊन अडकलो.

प्रसंग दुसऱ्या महायुद्धातला, 1944चा. 6 जून उजाडायच्या आधी, रात्रीच्या अंधारात, अमेरिकेच्या 82व्या एअरबोर्न डिव्हिजनचे छत्रीधारी सैनिक नॉर्मंडीतल्या या गावावर उतरले. चौकाशेजारी आग लागलेली, खाली जर्मन सैनिक. त्यांतल्याच जॉन स्टील नावाच्या सैनिकाचं पॅराशूट चर्चच्या मनोऱ्याला अडकलं. मेल्याचं सोंग घेऊन तो सुमारे दोन तास लटकत राहिला, मग पकडला गेला आणि पुढे निसटलाही. देवाच्या दारी होता म्हणून वाचला, असं कोणी म्हणालं की मला राहवत नाही. त्याच चौकात झाडांत अडकलेले त्याचे सोबती गोळ्यांना बळी पडले, त्यांचीही आठवण ठेवायला हवी.

पॅराशूट टी-5 जातीचं. व्यास 28 फूट, दोऱ्या 28. 35ने भागलं की पॅराशूट भरतं साडेचोवीस सेंटिमीटर रुंद, आणि सैनिक पाच सेंटिमीटरचा. इथवर शाळेतला भागाकार पुरतो.

पातळ रेशमी कापडाचं वर्तुळ कापलं आणि मनोऱ्यावर टाकलं. भाजलेल्या पापडासारखं ते कडा वर करून बसलं! आज त्या चर्चवर स्टीलच्या स्मरणार्थ पुतळा आणि पॅराशूट लावलेलं आहे. फोटोत ते कापड दगडावरून कसं ओघळतं ते बघा. माझं कापडही पातळ, मऊ, मग ते का ओघळेना?

एक रुमाल घ्या. टेबलाच्या कडेवरून वीतभर बाहेर सोडा, लगेच लोंबेल. पेरभर सोडा, जवळजवळ आडवाच राहील. वजन कापडाला वाकवतं, ताठरपणा अडवतो, आणि या ओढाताणीत घडीचा आकार ठरतो. बाहेरचा भाग आखूड झाला की वजन घटतं, वजनाची तरफ आखूड होते आणि वाकायला लांबीही कमी मिळते. तीन तोटे एकदम होतात, म्हणून हिशेब लांबीच्या घनाचा. खरं पॅराशूटचं कापड 35 पट लहान कापलं, तर वजनाच्या तुलनेत ते 35 × 35 × 35, म्हणजे 42,875 पट ताठ वागतं.

मग कापडही 35 पट पातळ घेतलं तर? ताठरपणा जाडीच्या घनाने उतरतो, पण वजनही जाडीबरोबर उतरतं, त्यामुळे पदरात पडतो फक्त जाडीचा वर्ग : 1,225. आता 42,875ला 1,225ने भागा. 35 उरतात. सगळं काटेकोर लहान केलं, तरी कापड 35 पट ताठच! शिवाय मूळ कापड मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं धरलं, तर हे पातळ कापड तीन मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांच्या) आसपास येतं. पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइलसुद्धा याच्या कितीतरी पट जाड असते.

थोडक्यात, या स्केलला गुरुत्वाकर्षण दुबळं पडतं. त्याच्या जागी दुसरं बळ हवं, आणि ते पाण्यात आहे. पृष्ठताणाचं, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग आक्रसू पाहतो त्या ओढीचं, बळ लांबीच्या प्रमाणात घटतं, वजन मात्र घनाने. म्हणून 1:35च्या जगात वजनाच्या तुलनेत पृष्ठताण 1,225 पट जोरकस होतो. पावसात भिजलेला सदरा पाठीला जसा चिकटतो, त्याहून कितीतरी घट्ट तो इथे पकडतो.

टिश्यू पेपरचा एकच पदर सुटा केला. पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलने ब्रशने भिजवला. ओले तंतू सैल पडतात, ताठरपणा जातो, आणि पाण्याचा पापुद्रा कागदाला दगडाच्या प्रत्येक कोपऱ्यावर ओढून घेतो. पाणी जास्त झालं तर घड्याही एकमेकींना चिकटून सपाट होतात, म्हणून एकेक घडी टूथपिकने उचलून ठेवावी लागते. पाणी उडून जातं, गोंद आकार धरून ठेवतो.

दोऱ्यांनाही हाच नियम. सैनिकाचं वजन पेलणाऱ्या ताणलेल्या, तिथे शिवणाचा दोरा चालतो. सैल दोऱ्यांना झोल हवा, आणि दोरा तो देत नाही. त्या मी जुन्या विजेच्या मोटरच्या वाइंडिंगमधल्या बारीक तांब्याच्या तारेच्या केल्या, बोटाने वाकवून. सकाळी कागद वाळला होता, आणि कठड्याच्या दगडावरून एक घडी सरळ खाली उतरली होती.