वर ओढणारा वारा, वर चढणारं पाणी

मे महिना लागला की पुण्याच्या आसपास पत्र्याच्या शेडची कामं निघतात. मुळशीकडे घेतलेल्या जागेत अवजारांसाठी खोली, शेळ्यांसाठी निवारा, बंगल्यामागे सायकली आणि जुनं सामान ठेवायला आडोसा. पावसाच्या आत पत्रा पडला पाहिजे म्हणून सगळ्यांचीच घाई असते. फॅब्रिकेटरला विचारला जाणारा पहिला प्रश्नही ठरलेला असतो : वजन पेलेल ना? पुण्यात बर्फ पडत नाही, छपरावर कुणी राहत नाही आणि पत्रा स्वतः अगदी हलका असतो. त्यामुळे खाली दाबणारं वजन ही इथली मोठी अडचण नाहीच. लहान शेडचं छप्पर बहुतेक वेळा दोन कारणांनी दगा देतं आणि त्या दोन्ही गोष्टी उलट दिशेने, म्हणजे खालून वर काम करतात. एक वारा आणि दुसरं, ऐकून आश्चर्य वाटेल, पण पाणी.

आधी पत्र्याबद्दल थोडं. लंडनच्या गोदीत इंजिनिअर असलेल्या हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ मध्ये पन्हळी पत्र्याचं पेटंट घेतलं. त्यांची युक्ती फार सोपी होती. पत्रा जाड करायचा नाही, त्याला फक्त सरी-वरंब्यासारखा आकार द्यायचा. एखादी वस्तू वाकताना किती विरोध करेल हे तिचं द्रव्य मधल्या रेषेपासून किती लांब आहे यावर ठरतं, आणि हा परिणाम अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या सपाट पत्र्यात सगळं पोलाद त्या रेषेला चिकटून असतं. त्याच पत्र्याला सुमारे १८ मिलिमीटर खोल पन्हळी पाडल्या की बरंचसं पोलाद रेषेपासून लांब, वर आणि खाली जातं. हिशेब केला तर सरीच्या लांबीच्या दिशेने त्याचा ताठपणा सपाट पत्र्याच्या जवळजवळ दोन हजार पट भरतो. आडव्या दिशेने मात्र तो तितकाच लेचापेचा राहतो, हातानेसुद्धा दुमडता येतो. म्हणून खालचे आधाराचे पाइप नेहमी सरीला काटकोनात टाकतात आणि छपरावर चढलेला कारागीर स्क्रूच्या ओळीवरच पाय ठेवतो, कारण पाइप तिथेच असतो.

आता वारा. बांधकामावरचा वाऱ्याचा भार मोजण्यासाठी भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात शहरवार वेग दिले आहेत. पुण्यासाठी तो सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. रोज असं वारं सुटत नाही. पन्नासएक वर्षांत एखाद्या वेळी येऊ शकेल असा हा झोत धरलेला असतो. वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणलं की दाब मिळतो. इथे तो दर चौरस मीटरला सुमारे ९१० न्यूटन, म्हणजे ९३ किलो वजनाइतका येतो. पन्हळी पत्र्याचं स्वतःचं वजन दर चौरस मीटरला साडेचार किलोच्या आसपास असतं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पुढचं वेगळं सांगायला नको.

वारा छप्पर उचलतो कसा? भिंतीवर आदळलेली हवा वर वळते आणि छपराच्या कडेवरून सुटताना पृष्ठभागापासून अलग होते. कडेच्या लगेच मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि पत्रा वर ओढला जातो. दाराची बाजू वाऱ्याकडे उघडी असेल तर आत शिरलेली हवा खालून ढकलते. वरची ओढ आणि खालचा रेटा यांची बेरीज होते. सगळ्यात जास्त जोर कडांवर आणि कोपऱ्यांवर येतो, म्हणून उडालेलं छप्पर बहुधा कोपऱ्यातून सुटायला लागलेलं असतं. पत्रा भिंतीबाहेर दोन-दोन फूट काढायचा मोह होतो, सावली मिळते, पाऊस आत येत नाही. पण तो पुढे आलेला भाग वाऱ्याला खालून पकडायला मिळालेली कडच असते. लहान शेडला सहा ते नऊ इंच पुरेत.

दहा बाय आठ फुटांची शेड घेऊ. छपराचं क्षेत्रफळ साडेसात चौरस मीटरच्या जरा आत. सगळ्या छपरावर सरसकट मघाचाच ९३ किलोंचा दाब धरला तर ओढ होते जवळपास ६९० किलो. जोडाजोडी धरून सगळे पत्रे मिळून भरतात पस्तीस-चाळीस किलो. अशा छपरावर चार दगड, विटा किंवा जुना टायर ठेवून काय साधणार? वारा थोडा कमी असेल तेव्हा ते उगीच धीर देतात आणि खरा झोत आला की तेच दगड शेजाऱ्याच्या अंगणात जातात. ही पद्धत बंद व्हायला हवी असं मला अगदी मनापासून वाटतं.

ही ६९० किलोंची ओढ स्क्रूमधून आडव्या पाइपात, तिथून वेल्डिंगमधून खांबात आणि खांबातून जमिनीत पोचली पाहिजे. साखळीतली एक कडी कच्ची असली की बाकीच्यांचा उपयोग संपतो. चार खांब असतील तर प्रत्येकाला साधारण १७५ किलो धरून ठेवायचे आहेत. दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्ड्यात भरलेलं काँक्रीट तीनशे किलोच्या आसपास भरतं, म्हणजे तेवढं पुरतं आणि थोडं शिल्लकही राहतं. खांब नुसता मातीत रोवून भोवती दगड ठोकले तर ही गॅरंटी नाही. गच्चीवरच्या शेडचं तर आणखी जपून बघायला हवं, कारण तिथे खड्डा नसतो आणि सगळी ओढ बेसप्लेटच्या, म्हणजे खांबाच्या तळाला जोडलेल्या लोखंडी पाटीच्या, चार बोल्टवर येते.

स्क्रू किती लावायचे याचं उत्तर याच हिशेबात आहे. आडवे पाइप मीटरभर अंतरावर आणि स्क्रू दर तिसऱ्या वरंब्यावर असेल, तर एका स्क्रूच्या वाट्याला साधारण वीस-बावीस किलो येतात. दर सहाव्या वरंब्यावर लावला तर दुप्पट. कडांवर आणि कोपऱ्यांत ओढ जास्त, म्हणून तिथे एकाआड एक वरंब्यावर स्क्रू हवा. पण केवळ ताकद बघून भागत नाही. २५ डिसेंबर १९७४ च्या पहाटे ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावर ट्रेसी चक्रीवादळ आलं आणि शहरातली बहुतेक घरं उद्ध्वस्त झाली. पुढच्या तपासात असं दिसलं की पन्हळी पत्रे एका झटक्यात फाटले नव्हते. वारा कमी-जास्त होताना पत्रा स्क्रूभोवती वर-खाली होत राहिला, भोकाच्या कडेला बारीक भेगा पडल्या आणि काही तासांत पत्रा स्क्रूच्या डोक्यावरून निघून गेला. त्यानंतर तिथे छपराच्या चाचणीत असा वारंवार हेलकावा द्यायला सुरुवात झाली. आपल्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि पुणे जिल्ह्यातही पत्रे उडाले. ढिला, खडखडणारा पत्रा हे त्या भेगांचं पहिलं लक्षण समजायचं.

आता पाण्याकडे. पाणी उतारानेच वाहतं हे खरं, पण दोन पत्र्यांच्या चिंचोळ्या फटीत ते वर चढतं. दोन काचेच्या पट्ट्या जवळजवळ चिकटवून त्यांचं टोक पाण्यात बुडवा, पाणी फटीतून वर आलेलं दिसेल. पृष्ठताण आणि पत्र्याला चिकटण्याची पाण्याची ओढ मिळून हे घडवतात. फट अर्ध्या मिलिमीटरची असेल तर पाणी उभं जास्तीत जास्त तीन सेंटीमीटर चढू शकतं. हा आकडा किरकोळ वाटतो, पण छप्पर तिरकं असतं. फुटाला दोन इंच उतार असेल तर उभे तीन सेंटीमीटर गाठेपर्यंत पाणी पत्र्यावरून तिरकं अठरा सेंटीमीटर, म्हणजे सात इंच आत गेलेलं असतं. उतार फुटाला एकच इंच ठेवला तर चौदा इंच. सहा इंचांचा जोड देऊनही पाणी का गळतं, हे कोडं इथे सुटतं. लहान शेडसाठी यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे वरपासून खालपर्यंत अखंड पत्रा घेणं. दहा-बारा फुटांचा पत्रा सहज मिळतो आणि आडवा जोडच उरत नाही. जोड द्यावाच लागला तर उतार फुटाला दोन इंचांपेक्षा कमी करू नये आणि जोडात ब्यूटाइलची, म्हणजे चिकट रबरी, पट्टी घालावी.

बाजूच्या जोडातही तेच. तीन सेंटीमीटर चढू शकणाऱ्या पाण्याला १८ मिलिमीटरचा वरंबा काय अडवणार? म्हणून एकाच वरंब्यावर जोड न देता दीड पन्हळीचा देतात. पहिला वरंबा ओलांडून आलेलं पाणी पुढच्या सरीत सापडतं आणि उताराने निघून जातं. त्यात दिशाही बघायची. पुण्यात जून ते सप्टेंबर वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो. उतार दक्षिण किंवा उत्तरेकडे असेल तर पहिला पत्रा पूर्वेच्या टोकाला टाकावा आणि पश्चिमेकडे सरकत जावं. मग प्रत्येक जोडाची उघडी कड पूर्वेला राहते आणि पावसाळी वारा तिच्याखाली पाणी रेटू शकत नाही. वळवाची झोड कुठूनही येते, पण ती तासाभराची. संततधार महिनोन्‌महिने चालते. मुळशी-लोणावळ्याकडे तर ही दिशा पाळायलाच हवी, पुणे शहराच्या कितीतरी पट पाऊस तिथे पडतो.

स्क्रू वरंब्यावर लावायचा, सरीत नाही, कारण सरीत पाणी वाहतं. पूर्वी जे-बोल्ट आणि डांबरी वॉशर असत, आता रबरी वॉशरचा सेल्फ-ड्रिलिंग, म्हणजे स्वतःच भोक पाडत जाणारा, स्क्रू सगळीकडे आहे. तो आवळताना वॉशरकडे बारकाईने बघावं. धातूच्या चकतीखालचं काळं रबर कडेने जेमतेम बाहेर डोकावलं की हात थांबवायचा. रबर फुगून गोल चुण्या पडल्या, वरंबा दबून वाटी झाली, म्हणजे जास्त आवळलं. त्या वाटीत पाणी साचतं आणि एक-दोन उन्हाळ्यांत रबर तडकतं. बारा फुटांचा पत्रा हिवाळ्यातल्या पहाटेच्या १० अंशांवरून एप्रिलच्या दुपारी ६५ अंशांवर गेला की सुमारे अडीच मिलिमीटर लांबतो. रोजची ही ओढाताण वॉशरनेच सोसायची असते.

डिसेंबर-जानेवारीत कोरड्या दिवसांतही सकाळी आतून थेंब पडतात आणि लोक गळतीची जागा शोधत बसतात. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि आतली वाफ त्याच्यावर दव होऊन बसते. शेळ्या-कोंबड्यांच्या शेडमध्ये श्वासाची वाफ भरपूर असल्याने हे जास्त होतं. छपराखाली दोन्ही बाजूंना हवा खेळायला पट्टी मोकळी सोडली की थेंब बरेच कमी होतात.

गंजाचं सांगायचं तर पोलादावरचा जस्ताचा थर स्वतः झिजून पोलादाला वाचवतो. ही पद्धत फ्रान्सच्या स्तानिस्लास सोरेल यांनी १८३७ मध्ये पेटंट केली. थर किती, हे दुकानात जीएसएममध्ये, म्हणजे दर चौरस मीटरला दोन्ही बाजूंचं मिळून किती ग्रॅम जस्त, असं विचारावं. १२० म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम आठ मायक्रॉन, २७५ म्हणजे एकोणीस. जाडी सारखीच दिसली तरी आयुष्य सारखं नसतं. पत्रा ग्राइंडरने कापला तर उष्णतेने कडेचं जस्त जळतं आणि उडालेल्या ठिणग्या पत्र्यावर रुतून बसतात, म्हणून पत्र्याची कात्रीच वापरायला सांगावं. स्क्रू लावताना पडलेला लोखंडी कीस त्याच संध्याकाळी मऊ झाडूने झाडून टाकावा. तो राहिला तर पहिल्या पावसातच तांबडे ठिपके उमटतात. पहिलं वादळ होऊन गेल्यावर शिडी लावून कडेच्या ओळीतले स्क्रू एकदा हाताने तपासावेत. फिरणारा स्क्रू दिसला तर तो त्याच भोकात पुन्हा आवळत बसू नये, एक माप जाड स्क्रू घालावा.