पार्श्वभूमी : सेवा करणाऱ्या हातांचा लशीवरचा भरवसा

नागपुरातल्या कुठल्याही वृद्धाश्रमात सकाळी अंघोळीच्या वेळेला गेलं, तर दोन पिढ्यांचे हात शेजारी-शेजारी दिसतात. आजोबांच्या हातावर देवीच्या लशीचे मोठाले गोल वण. त्यांच्या पाठीला साबण लावणाऱ्या मावशीच्या डाव्या दंडावर फक्त बीसीजीची, म्हणजे क्षयाच्या लशीची, बारीक खूण. मावशी पस्तिशीची असेल तर तिच्या जन्माआधीच देवी जगातून गेलेली, त्यामुळे ती लस तिला टोचायची वेळच आली नाही. आजोबांनी लहानपणी गल्लीत देवीने डोळे गेलेलं, तोंडभर वण पडलेलं कोणीतरी पाहिलेलं असतं. लस घ्यावी की नाही, हा प्रश्न त्यांना फारसा पडत नाही. मावशीला पडतो. आणि तो तिने विचारला की तिला कामावर ठेवणारे आपण 'अडाणीपणा' म्हणून मोकळे होतो.

मला हे मान्य नाही. तिच्या शंकेमागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा शिकलेल्यांनी आणि सरकारांनी घडवलेला आहे.

आपल्याकडे रोगाचं नावच 'देवी'. विदर्भात अंगावर फोड आले की 'माता आली' म्हणत, घरात कडुनिंबाचा पाला येई आणि मातामायच्या ठाण्यावर पाणी घातलं जाई. लस टोचून घेण्यालाही लोक 'देवी काढणं'च म्हणत. नागपूरकरांना आणखी एक गोष्ट सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने निघणारी मारबत, म्हणजे वाईटाचा पुतळा. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, आणि तिच्यामागे धावणाऱ्यांची आरोळी एकच, ईडा-पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत. रोग एकट्याचा नसतो आणि सगळ्यांनी मिळून तो वेशीबाहेर न्यायचा असतो, ही समज इथे होतीच. लसीकरण याच समजुतीच्या अंगणात येऊन बसू शकलं असतं. ते आलं मात्र सरकारी माणसाच्या हातातून.

हिंदुस्थानात देवीची पहिली लस टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. त्या काळी लस बाटलीत नव्हे, माणसाच्या हातावर प्रवास करी. एका मुलाला टोचायचं, आठवड्याने फोड भरला की त्यातला द्रव दुसऱ्याला टोचायचा. म्हणजे आपलं लेकरू नुसतं लस घेत नव्हतं, दुसऱ्यांना देण्यासाठीही धरून नेलं जात होतं. कोणाच्या अंगातलं कोणाच्या अंगात जातंय, ही त्या आईची भीती वेडेपणाची नव्हती. या पद्धतीतून दुसरे रोगही जात, हे पुढे डॉक्टरांनीच मान्य केलं आणि वासरापासून मिळवलेली लस वापरात आली. नागपूरचं भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, १८६१ मध्ये हे शहर मध्य प्रांताची राजधानी झालं. त्यानंतर इथे टोचायला येणारा माणूस हा ज्यांनी राज्य घेतलं त्यांचा माणूस होता.

पुढची गोष्ट प्लेगची, आणि मला ती नेहमी तारखांसकट आठवते. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी स्वतः बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर चाचणी झाली ती त्यानंतर. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ ला, पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या स्वतःच्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात आल्या आणि स्वतःच त्या रोगाने गेल्या. लस तयार झाली होती, पण सेवा करणाऱ्यापर्यंत पोचायची होती. हे अंतर पुढच्या सव्वाशे वर्षांत वारंवार दिसतं.

त्याच वर्षी पुण्यात रँडचे शिपाई घरात घुसून माणसं बाहेर काढत होते, बायाबापड्यांची तपासणी करत होते. २२ जूनला रँडवर चापेकरांच्या गोळ्या झाल्या. साथरोग कायदाही त्याच १८९७ चा, आणि २०२० मध्ये आपल्याकडे पुन्हा बाहेर काढला गेला तो हाच. एकीकडे आधी आपल्या अंगात सुई घेणारा डॉक्टर, दुसरीकडे दारावर लाथ मारणारा अंमलदार. लोकांच्या आठवणीत दुसराच जास्त काळ राहिला. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवालला लशीच्या एका दूषित बाटलीमुळे १९ जण धनुर्वाताने गेले. हाफकिन यांच्यावर ठपका आला, ते निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. अफवा आठवड्यात गावभर होते आणि तिचं उत्तर यायला पाच वर्षं लागतात, हे तेव्हाच कळलं होतं.

नागपुरात दीर्घकाळ सांभाळाव्या लागणाऱ्या माणसांसाठीच्या संस्था जुन्या आहेत. प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ चं. मातृ सेवा संघ १९२१ चा, कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी उभा केलेला. कमलाताई बालविधवा होत्या, डफरिन रुग्णालयात, म्हणजे आजच्या डागात, त्या नर्सिंग शिकल्या. त्यांच्या काळी सुईणीच्या आणि नर्सच्या कामाला प्रतिष्ठा नव्हती, ती त्यांनी मिळवून दिली. संघाचा पंचवटी वृद्धाश्रम आजही आहे. शेजारी वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन १९४९ पासून. कुष्ठरोगावरच्या प्रयोगासाठी बाबांनी स्वतःच्या शरीरात जंतू टोचून घेतले होते. विदर्भात सेवा करणाऱ्यांची अशी परंपरा आहे. पण ज्यांची नावं कुठल्याच फलकावर येत नाहीत अशा मावश्या, मामा, अटेंडंट, रात्रपाळीच्या बाया लसीकरणाच्या इतिहासात शोधायला गेलं तर सापडत नाहीत. १९७८ चा विस्तारित कार्यक्रम असो की १९८५ चा सार्वत्रिक कार्यक्रम, सगळा भर बाळं आणि गरोदर बाया यांच्यावर. तो योग्यच होता. मोठ्या माणसाला, त्यातून दुसऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याला लस लागते, ही कल्पनाच रुजली नाही.

मधल्या काळात एक घाव बसला तो विसरता येत नाही. आणीबाणीत, १९७५ ते १९७७, नसबंदीची उद्दिष्टं ठरवून माणसं उचलली गेली. त्यानंतर कित्येक वर्षं आरोग्य खात्याची सुई म्हणजे मूल होऊ न देणारी सुई, हा संशय घरोघर राहिला. पोलिओच्या थेंबांबद्दल तोच संशय उठला, कोविडच्या लशीबद्दलही. २०२१ मध्ये एखाद्या मावशीने 'यानं पोरं होत नाही म्हंते' असं म्हटलं, तेव्हा ती व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलत होतीच, पण तिच्या आजीचंही बोलत होती. पोलिओत हा संशय हटला तो दारोदार पुन्हा-पुन्हा गेलेल्या अंगणवाडीताईंमुळे आणि आशाताईंमुळे. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा. आदेशाने हे झालं नसतं.

आता थोडं बाहेरचं, कारण वृद्धांना सांभाळणाऱ्यांच्या लशीचा अभ्यास मुख्यतः तिकडे झाला. म्हातारपणी शरीराची प्रतिकारशक्ती लशीला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाही. म्हणून आजोबांना लस देऊनही काम अर्धंच होतं, त्यांना भरवणाऱ्या हातांनाही ती द्यावी लागते. स्कॉटलंडमधल्या दीर्घकालीन शुश्रूषेच्या रुग्णालयांत झालेला अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे कर्मचाऱ्यांना फ्लूची लस देऊ केली तिथे वृद्धांचं मृत्यूचं प्रमाण १३.६ टक्के, जिथे नाही तिथे २२.४ टक्के. पुढे काही तज्ज्ञांनी या पुराव्याच्या मर्यादाही दाखवल्या, तेही सांगितलं पाहिजे. पण दिशा स्पष्ट होती. फेब्रुवारी २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलंडच्या शुश्रूषागृहात कोविड पसरला, तेव्हा एकाहून अधिक ठिकाणी काम करणारे आणि लक्षणं असूनही कामावर येणारे कर्मचारी हे तपासात एक कारण निघालं. सुटी घेतली तर पगार नाही. ही ओळ वाचली तेव्हा मला अमेरिका फार लांबची वाटली नाही.

डिसेंबर २०२० मध्ये तिथे शुश्रूषागृहांत जाऊन लस द्यायला सुरुवात झाली. पहिल्या महिन्यात राहणाऱ्यांपैकी सुमारे ७८ टक्क्यांनी ती घेतली, कर्मचाऱ्यांपैकी अवघ्या ३७.५ टक्क्यांनी. लस दारात, फुकट, तरी निम्म्याहून अधिक मागे. का, हे विचारायला गेलेल्यांना उत्तरं मिळाली ती आपल्या ओळखीची: इतक्या घाईत कशी बनली, ताप आला तर काय, मूल होईल ना. इंग्लंडने ११ नोव्हेंबर २०२१ पासून सक्ती केली, माणसं काम सोडून गेली, १५ मार्च २०२२ ला सक्ती मागे घेतली.

आपल्याकडे १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासून. नागपुरात मेडिकल, मेयो, डागा, एम्स या रुग्णालयांत. मेडिकलमध्ये कोव्हॅक्सिन होती, जिला मंजुरी तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष येण्याआधी मिळालेली. घेणाऱ्याला संमतिपत्रावर सही करावी लागे. निष्कर्ष आले मार्चमध्ये. या दोन महिन्यांत जो डॉक्टर, जी सिस्टर थांबली, तिला अडाणी म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही. मग मावशीलाच का म्हणायचं?

शिवाय मावशीला आधी विचारलंच कोणी? याद्या बनल्या त्या रुग्णालयांमार्फत. वृद्धाश्रम म्हणजे रुग्णालय नव्हे, घरी बारा तासांच्या ड्युटीला बाई पाठवणारा ब्युरो तर नाहीच नाही. १ मार्चपासून साठीच्या वरच्यांना लस खुली झाली, म्हणजे आजोबांची सोय झाली. त्यांचं डायपर बदलणारी तीस वर्षांची बाई वयाच्या रांगेत शेवटी. एप्रिलात नागपूर जिल्ह्यात दिवसाला ७ हजारांहून अधिक रुग्ण निघत होते, खाटा नव्हत्या, ऑक्सिजन नव्हता, आणि ती बाई सिटीबस बंद म्हणून पायी ड्युटीवर येत होती. १ मे ला अठरा ते चव्वेचाळीसचा गट खुला झाला. तुटवड्यामुळे मे च्या मध्यालाच राज्याने तो थांबवला. जूनच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू केला. नोंदणीचं कोविन जूनपर्यंत मराठीत नव्हतं. ज्या आठवड्यांत तिला लस सगळ्यात जास्त हवी होती, त्या आठवड्यांत ती मागूनही मिळाली नसती. पुढे जुलैत शिबिर लावून 'घ्या बाई, फुकट आहे' म्हटल्यावर ती संशयाने पाहते, याचं नवल वाटू नये.

याच काळात सरकारने एक चांगलं कामही केलं. मे २०२१ मध्ये ओळखपत्र नसलेल्यांसाठी कार्यपद्धती आली. मनोरुग्णालयातले, वृद्धाश्रमातले, रस्त्यावरचे लोक तिच्यात होते. आधार कार्ड नाही म्हणून कोणी राहू नये, ही त्यामागची भावना खरी होती. महिनाअखेरीस घराजवळच्या केंद्रांची सूचना आली. दोन्ही कागदांत सांभाळली जाणारी माणसं होती. सांभाळणाऱ्यांचा वेगळा विचार मात्र तिथेही नव्हता.

शंकांना उत्तरं देतानाही आपण चुकलो. कोविशिल्डच्या दोन डोसांतलं अंतर चार ते सहा आठवड्यांवरून मार्चमध्ये सहा ते आठ, मे मध्ये बारा ते सोळा आठवडे झालं. त्यामागे शास्त्रीय कारण होतं आणि तुटवडाही होता. दोन्ही सरळ सांगायला हवं होतं. पाळीच्या आसपास लस घेऊ नका, हा संदेश एप्रिलात फिरला. तो चूकच होता. पण 'पाळीत काही फरक पडतो का' हा बायांचा प्रश्न चूक नव्हता. २०२२ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत दिसलं की चक्र सरासरी एका दिवसापेक्षा कमी लांबतं आणि पुन्हा पूर्ववत होतं. दिलासा देणारं उत्तर होतं हे. आपण मात्र अफवेसोबत प्रश्नही झटकून टाकला होता, त्यामुळे उत्तर आलं तेव्हा ते ऐकायला ती बाई समोर नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निकालात सांगितलं की लस घेण्याची कोणावर सक्ती करता येणार नाही, आपल्या शरीरावर आपला हक्क आहे. मला हा निकाल सेवा करणाऱ्यांच्या बाजूचा वाटतो, कारण त्यानंतर समजावून सांगणं एवढाच मार्ग मालकाकडे उरतो. आणि समजावणं सुरू व्हायच्या आतच २०२४ चा उन्हाळा आला. ब्रिटनमधल्या खटल्यातल्या कागदपत्रांवरून कोविशिल्ड आणि रक्ताच्या गुठळ्यांची बातमी टीव्हीवर दिवसरात्र चालली. हा दुष्परिणाम अतिशय दुर्मिळ आहे, तो लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतो आणि तीन वर्षांपूर्वीच्या डोसाने आज होत नाही, एवढी तीन वाक्यं ड्युटी बदलताना कोणी मावशीला सांगितली असती तरी पुरलं असतं.

आता हिवाळ्याआधी फ्लूच्या लशीचा विषय निघतो. २०१५ मध्ये स्वाइन फ्लूने नागपुरात किती घरं हलवली ते इथल्या लोकांना आठवतं. ही लस दरवर्षी घ्यावी लागते, देशाच्या नियमित लसीकरण कार्यक्रमात ती नाही, आणि खासगीत एका डोसाचे पैसे मावशीच्या काही दिवसांच्या रोजीएवढे होतात. उमरेड-काटोलकडून येणाऱ्या बाईचा पहिला प्रश्न लशीत काय आहे हा नसतोच. ती विचारते, 'ताप आला तं दुसऱ्या दिवशीचा खाडा कोन भरून देईल?' काही कुटुंबं तो देतात, लसही देतात, आणि तिथली बाई पुढच्या वर्षी आपणहून तारीख विचारते. बाकी ठिकाणी ब्युरो म्हणतो ते घरवाल्यांनी द्यावं, घरवाले म्हणतात ते ब्युरोने, आणि ती तशीच, न टोचलेल्या हाताने, आजोबांना सकाळचा चहा पाजायला घेते.